मेनचे दोन कौल : समलिंगी विवाह, राज्यपातळीवरचा प्रचार आणि ब्लॉगरांचा वाटा (2009–2012)

अमेरिकेच्या ईशान्य टोकाला, कॅनडाच्या सीमेला लागून असलेल्या मेन राज्याची लोकसंख्या त्या काळात जेमतेम 13 लाखांच्या आसपास होती. या छोट्या राज्याने एकाच प्रश्नावर तीन वर्षांच्या अंतराने दोन परस्परविरुद्ध निकाल दिले. विधिमंडळाने मंजूर केलेला समलिंगी विवाहाचा कायदा तिथल्या मतदारांनी 3 नोव्हेंबर 2009 रोजी मतपेटीतून रद्द केला आणि 6 नोव्हेंबर 2012 रोजी त्याच राज्याच्या मतदारांनी तोच हक्क आपल्या मताने बहाल केला. पहिल्या खेपेस कायद्याच्या समर्थकांकडे पैसा विरोधकांपेक्षा जास्त होता, कार्यकर्त्यांची फौज होती, गव्हर्नरांचा पाठिंबा होता आणि देशभरच्या राजकीय ब्लॉगरांची जागती फळी पाठीशी होती. तरीही ते हरले. या प्रकरणात ब्लॉगरांनी काय साधले आणि काय त्यांच्या हाताबाहेरचे होते, हे सुटे करून पाहणे हा या टिपणाचा हेतू आहे. माझ्या मते त्यांच्या कामाचे मोजमाप आजवर चुकीच्या जागी झाले आहे.

आधीची पंचवीस वर्षे

मेनमधल्या चळवळीची सुरुवात एका खुनापासून सांगितली जाते. 7 जुलै 1984 च्या रात्री बँगोर शहरात चार्ली हॉवर्ड या 23 वर्षांच्या समलिंगी तरुणाला तीन किशोरवयीन मुलांनी पुलावरून खालच्या ओढ्यात फेकले आणि तो बुडून मेला. पुढे ‘इक्वॅलिटीमेन’ या नावाने ओळखली गेलेली संघटना त्याच वर्षी उभी राहिली. नोकरी, घर आणि कर्ज देताना समलिंगी व्यक्तींशी भेदभाव करू नये, एवढ्या साध्या तरतुदीसाठी या मंडळींना दोन दशके झगडावे लागले. 1997 मध्ये गव्हर्नर अँगस किंग यांनी तशा कायद्यावर सही केली, पण फेब्रुवारी 1998 मध्ये मतदारांनी तो थोडक्या फरकाने रद्द केला. 2000 मध्ये पुन्हा मतदान झाले आणि पुन्हा निसटता पराभव वाट्याला आला. अखेर 2005 मध्ये गव्हर्नर जॉन बाल्डाची यांच्या सहीने झालेला कायदा मात्र सुमारे 55 टक्के मतदारांनी टिकवला. विधिमंडळाने द्यावे आणि मतपेटीने काढून घ्यावे, हा अनुभव 2009 पूर्वीच मेनच्या कार्यकर्त्यांच्या अंगवळणी पडलेला होता.

यामागची यंत्रणा समजून घेतल्याशिवाय पुढचे काही कळणार नाही. मेनच्या राज्यघटनेत विसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात ‘पीपल्स व्हेटो’ची, म्हणजे लोकांच्या नकाराधिकाराची, तरतूद झाली. विधिमंडळाचे अधिवेशन संपल्यापासून 90 दिवसांच्या आत, मागच्या गव्हर्नरपदाच्या निवडणुकीत पडलेल्या एकूण मतांच्या 10 टक्के इतक्या मतदारांच्या सह्या गोळा झाल्या, की नवा कायदा अमलात येण्याआधीच थांबतो आणि त्यावर राज्यभर मतदान होते. आपल्याकडे कायद्यावर असे मतदान होत नाही. त्याच्या जवळ जाणारा महाराष्ट्रातला अनुभव एकच, तो म्हणजे गावातले दारूचे दुकान बंद करण्यासाठी होणारे उभ्या आणि आडव्या बाटलीचे मतदान. पण बाटलीचे चित्र पाहणाऱ्या बाईला आपण कशाला मत देत आहोत हे तरी नीट कळते. मेनमध्ये 2009 साली मतपत्रिकेवर प्रश्न होता तो असा, की समलिंगी जोडप्यांना विवाह करू देणारा आणि व्यक्तींना व धर्मसंस्थांना असे विवाह लावण्यास नकार देण्याची मुभा ठेवणारा नवा कायदा तुम्हाला फेटाळायचा आहे काय? म्हणजे विवाहाच्या बाजूच्या माणसाने ‘नाही’ म्हणायचे आणि विरोधकाने ‘होय’. समर्थकांच्या मोहिमेचे नावच त्यामुळे ‘नो ऑन वन’, पहिल्या प्रश्नाला नाही म्हणा, असे पडले. हक्क मागणाऱ्याला ‘नाही’ म्हणत दारोदार फिरावे लागते, तेव्हा अर्धी ताकद समजावण्यातच खर्च होते.

2009 : कायदा आणि त्याचा पाडाव

सेनेटर डेनिस डेमन यांनी मांडलेल्या विधेयकावर 22 एप्रिल 2009 रोजी राजधानी ऑगस्टा इथे जाहीर सुनावणी झाली. समितीची नेहमीची खोली अपुरी पडणार हे दिसत असल्याने सुनावणी शहराच्या सिव्हिक सेंटरमध्ये घ्यावी लागली आणि तिथेही हजारो लोक लोटले. त्या गर्दीत फिलिप स्पूनर नावाचे 86 वर्षांचे गृहस्थ बोलायला उभे राहिले. जन्म बटाट्याच्या शेतावरचा, आयुष्यभर रिपब्लिकन पक्षाचे मतदार, दुसऱ्या महायुद्धात रुग्णवाहिका चालवलेले आणि चार मुलांचे वडील, त्यांतला एक मुलगा समलिंगी. मतदान केंद्राबाहेर एका बाईने त्यांना विचारले होते, की समलिंगी लोकांना समान हक्क असावेत असे तुम्हाला वाटते का? दुसऱ्या महायुद्धातली ओमाहा बीचवरची लढाई मग कशासाठी होती, असे त्यांनी तिला उलट विचारले होते. हा प्रसंग त्यांनी समितीसमोर थरथरत्या आवाजात, कागदावरून वाचून सांगितला.

सेनेटने 30 एप्रिलला 20 विरुद्ध 15 आणि प्रतिनिधिगृहाने 5 मे रोजी 89 विरुद्ध 57 मतांनी विधेयक मंजूर केले. 6 मे रोजी सेनेटची अंतिम मंजुरी मिळाली आणि गव्हर्नर बाल्डाची यांनी त्याच दिवशी सही केली. ते स्वतः कॅथलिक होते आणि त्याआधी समलिंगी विवाहाऐवजी नागरी संबंधांच्या (सिव्हिल युनियन, म्हणजे विवाहाचे नाव न देता जोडप्याला दिलेल्या कायदेशीर मान्यतेच्या) बाजूचे होते. कोर्टाचा आदेश नसताना, विधिमंडळाच्या निर्णयावर अशी सही करणारे ते अमेरिकेतले पहिले गव्हर्नर ठरले.

विरोधकांनी जुलैअखेर सह्या दाखल केल्या. लागणार होत्या सुमारे 55 हजार. त्यांनी त्याच्या जवळजवळ दुप्पट आणल्या. पोर्टलंडच्या कॅथलिक धर्मप्रांताने पैसा उभा केला, ‘नॅशनल ऑर्गनायझेशन फॉर मॅरेज’ या राष्ट्रीय संघटनेने 20 लाख डॉलरच्या घरात मदत ओतली आणि प्रचाराची सूत्रे फ्रँक शुबर्ट यांच्या कॅलिफोर्नियातल्या संस्थेकडे दिली. याच शुबर्ट यांनी वर्षभरापूर्वी कॅलिफोर्नियात ‘प्रपोझिशन 8’ मंजूर करवून तिथला समलिंगी विवाह बंद पाडला होता. त्यांनी मेनमध्ये तीच जाहिरात थोडी फिरवून आणली, इतकी तीच की कॅलिफोर्नियाच्या प्रचारात वापरलेले मॅसॅच्युसेट्सचे पालक दांपत्य इथेही टीव्हीवर आले. आशय एकच : कायदा टिकला तर शाळेत तुमच्या लहान मुलांना समलिंगी विवाह शिकवला जाईल.

ब्लॉगर कुठे होते

2009 हे राजकीय ब्लॉगांचे भरभराटीचे वर्ष होते. वृत्तपत्रांचे बातमीदार कमी होत चालले होते, फेसबुक-ट्विटर अजून बाळसे धरत होते आणि प्रचाराची बातमी मिनिटामिनिटाला हवी असलेला वाचक ब्लॉगांकडे वळत होता. ‘अमेरिकाब्लॉग’चे जो सडबे यांना मेनचा प्रश्न जिव्हाळ्याचा होता आणि ते या लढतीवर सातत्याने लिहीत होते. नॉर्थ कॅरोलायनातून पॅम स्पॉल्डिंग चालवत असलेल्या ‘पॅम्स हाउस ब्लेंड’वर मेनच्या बातम्यांना ठळक जागा होती. ‘गुड अॅज यू’ या ब्लॉगवर जेरेमी हूपर विरोधी जाहिरातींचे वाक्यागणिक शवविच्छेदन करीत होते. या मंडळींनी देणग्या जमवल्या, स्वयंसेवक मिळवून दिले आणि स्पूनर यांच्या साक्षीची चित्रफीत देशभर पोचवली. एप्रिलमध्ये सभागृहात हजारोंनी ऐकलेले भाषण शरद ऋतूत लाखोंनी पाहिले.

त्यांचा उपद्रव त्यांच्याच डेमोक्रॅटिक पक्षालाही झाला. मतदानाच्या आधीच्या दिवसांत ओबामांच्या प्रचारयंत्रणेतून जन्मलेल्या ‘ऑर्गनायझिंग फॉर अमेरिका’ने मेनमधल्या समर्थकांना ईमेल पाठवून न्यू जर्सीच्या मतदारांना फोन करायला सांगितले. तिथे गव्हर्नरपदाची निवडणूक होती. मेनच्या स्वतःच्या मतपत्रिकेवरचा पहिला प्रश्न त्या ईमेलमधून गायब होता. घरात आग लागलेली असताना शेजारच्या गावी बादल्या पाठवा म्हणण्यासारखाच हा प्रकार, आणि ब्लॉगरांनी तो तासाभरात चव्हाट्यावर आणला. छापील वृत्तपत्राला या ईमेलची बातमी करावीशी वाटली असती की नाही, याची मला शंका आहे.

शाळेच्या जाहिरातीबाबत मात्र हीच फळी कमी पडली, आणि प्रकरणाचे खरे मर्म इथे आहे. राज्याच्या अॅटर्नी जनरल जॅनेट मिल्स यांनी ऑक्टोबरमध्ये लेखी मत दिले, की विवाहाच्या कायद्याचा शाळेच्या अभ्यासक्रमाशी काही संबंध नाही. ब्लॉगरांनी हे मत, कॅलिफोर्नियातली जुनी जाहिरात आणि मेनमधली नवी जाहिरात शेजारी शेजारी मांडून दाखवली. खोडसाळपणा सिद्ध झाला. पण तो सिद्ध झाला कुणापुढे? ज्यांचे मत आधीच पक्के होते त्यांच्यापुढे. लुइस्टनसारख्या जुन्या गिरण्यांच्या, फ्रेंच वंशाच्या कॅथलिक शहरात संध्याकाळी टीव्हीसमोर बसलेली आई ‘अमेरिकाब्लॉग’ वाचत नव्हती. तिच्या मनात आलेली धास्ती कायद्याच्या कलमाविषयी नव्हतीच, मुलांशी कोण काय बोलेल याविषयी होती. आणि अॅटर्नी जनरलच्या पत्राने तशी धास्ती जात नाही. उलट आरोप खोडण्यासाठी तो पुन्हा पुन्हा उच्चारावा लागतो आणि तेवढ्या वेळा तो पुन्हा कानावर पडतो.

निकाल आला : कायदा रद्द करण्याच्या बाजूने 52.9 टक्के, विरोधात 47.1 टक्के, फरक सुमारे 33 हजार मतांचा. पोर्टलंड आणि किनाऱ्याच्या पट्ट्याने कायद्याला साथ दिली, लुइस्टन आणि उत्तरेकडच्या अरूस्टुक या बटाट्याच्या जिल्ह्याने पाठ फिरवली. त्याच दिवशी, त्याच मतपत्रिकेवर मेनच्या मतदारांनी औषधी गांजाचा विस्तार घसघशीत बहुमताने मंजूर केला होता, तेव्हा हे मतदार सरसकट जुन्या वळणाचे होते असे म्हणून सुटका होत नाही. समलिंगी विवाहाचा प्रश्न मतदारांपुढे गेला आणि हरला, असे मेन हे एकतिसावे राज्य.

पराभवानंतरचे दोन रस्ते

पराभवानंतर ब्लॉगर आणि राज्यातले कार्यकर्ते वेगवेगळ्या दिशांना गेले, आणि दोघांनीही बरोबर केले असे आज म्हणता येते.

ब्लॉगरांनी मोर्चा वॉशिंग्टनकडे वळवला. मतदानानंतर आठवडाभराच्या आत, 9 नोव्हेंबर 2009 रोजी, ‘अमेरिकाब्लॉग’चे जॉन अराव्होसिस आणि जो सडबे यांनी डेमोक्रॅटिक पक्षाच्या राष्ट्रीय समितीला देणग्या थांबवण्याचे आवाहन केले आणि सैन्यातल्या समलिंगी व्यक्तींना आपली ओळख लपवायला लावणाऱ्या ‘डोन्ट आस्क, डोन्ट टेल’ या धोरणावर कोटी करून त्याचे नाव ‘डोन्ट आस्क, डोन्ट गिव्ह’ ठेवले. पक्षाला टोचेल अशी जागा त्यांनी अचूक हेरली होती. वर्षभराने, ऑक्टोबर 2010 मध्ये, अध्यक्ष ओबामांनी व्हाइट हाउसमध्ये मोजक्या ब्लॉगरांना गप्पांसाठी बोलावले. सडबे त्यांत होते आणि त्यांनी विवाहाचा प्रश्न थेट विचारला. लोकांची मते बदलत जातात आणि माझेही त्यात आले, अशा अर्थाचे उत्तर ओबामांनी दिले. तोवर ते समलिंगी विवाहाच्या बाजूने नव्हते. 9 मे 2012 रोजी त्यांनी जाहीर पाठिंबा दिला. एका प्रश्नाने अध्यक्ष बदलले असे कुणी म्हणणार नाही, पण ‘बदलत जाणे’ हा शब्द त्यांच्या तोंडून नोंदवून घेतला गेला आणि पुढे दीड वर्ष पुन्हा पुन्हा तोच त्यांच्यापुढे धरला गेला.

मेनमधल्या कार्यकर्त्यांनी मात्र दारे वाजवायला सुरुवात केली, तीही निवडणूक समोर नसताना. 2009 पर्यंत दारावरचे काम म्हणजे आपला मतदार शोधणे आणि त्याला मतदानाला बाहेर काढणे असे. विरोधी किंवा डळमळीत माणूस भेटला की नमस्कार करून पुढचे घर गाठायचे. आता त्याच डळमळीत माणसाच्या ओट्यावर थांबायचे ठरले. याच सुमारास झालेल्या मतचाचण्यांमधून एक गोष्ट लक्षात आली होती. तुम्ही स्वतः लग्न का केले असे विचारले की लोक प्रेम, साथ, जबाबदारी असे शब्द वापरत. समलिंगी जोडप्यांना लग्न कशासाठी हवे असे विचारले की तेच लोक हक्क आणि फायदे म्हणत. हे त्यांना शिकवले होते कुणी? समर्थकांनीच, वर्षानुवर्षे वारसाहक्क, विमा आणि कर यांची यादी वाचून. ब्लॉगांचीही तीच भाषा होती, समतेची आणि घटनेची. ती खोटी नव्हती, पण तिच्यात नवरा-बायको नव्हते.

म्हणून स्वयंसेवक आता दारात उभे राहून आधी समोरच्याच्या लग्नाची गोष्ट विचारत. किती वर्षे झाली, कठीण काळ कोणता होता, त्यात कोण कसे उभे राहिले. मग आपली गोष्ट सांगत. वाद घालायचा नाही, आकडे फेकायचे नाहीत, आणि माणूस ‘मला अजून पटत नाही’ म्हणाला तर काय पटत नाही हे शांतपणे ऐकून घ्यायचे. दिवसाला मोजकी घरे होत. जुन्या हिशेबाने पाहणाऱ्याला ही उधळपट्टीच वाटली असती. 2012 च्या टीव्ही जाहिरातीही याच वळणाच्या होत्या. मचायस या पूर्वेकडच्या छोट्या गावातल्या एका जाहिरातीत चार पिढ्यांचे कुटुंब जेवणाच्या टेबलाभोवती बसलेले दिसते आणि कुटुंबातला सर्वांत वयस्क माणूस आपल्या नातीला व तिच्या जोडीदारणीला लग्न करता यावे असे म्हणतो. प्रचाराचा मूळ माल 2009 च्या स्पूनर यांच्या साक्षीतच होता. तेव्हा तो ब्लॉगरांनी देशभर पोचवला, पण मेनच्या शेजाऱ्यापाजाऱ्यापर्यंत तो 2012 मध्ये पोचला.

या वेळी कायदा विधिमंडळातून न आणता समर्थकांनीच मतपत्रिकेवर नेला. सुमारे 57 हजार सह्या पुरेशा असताना त्यांनी जानेवारी 2012 मध्ये लाखाहून अधिक दाखल केल्या. प्रश्नही सुटसुटीत झाला : समलिंगी जोडप्यांना विवाहाचे परवाने देण्याची मुभा मेन राज्याला द्यावी असे तुम्हाला वाटते काय? आता ‘होय’ म्हणजे होय.

निकाल सुमारे 53 टक्क्यांनी समर्थकांच्या बाजूने लागला. त्याच दिवशी मेरीलँड आणि वॉशिंग्टन या राज्यांतही तसाच कौल मिळाला आणि मिनेसोटाच्या मतदारांनी विवाहाची व्याख्या घटनेत आकसून टाकणारी दुरुस्ती फेटाळली.

सगळे श्रेय ओट्यावरच्या गप्पांना देणे मात्र भाबडेपणाचे ठरेल. 2012 हे अध्यक्षीय निवडणुकीचे वर्ष होते, त्यामुळे एरवी घरी बसणारा तरुण मतदार बाहेर पडला. पोर्टलंडचे बिशप रिचर्ड मॅलोन यांनी मार्चमध्येच जाहीर केले होते, की धर्मप्रांत या वेळी प्रत्यक्ष प्रचारात उतरणार नाही, धर्मशिक्षणावर भर देईल. शुबर्ट एकाच वेळी चार राज्ये सांभाळत होते आणि त्यांचा पैसा चार ठिकाणी वाटला गेला. तीन वर्षांत देशाचे वारेही फिरले होते. तरी एवढे उरतेच, की वारे फिरते ते कुठूनतरी. आणि डळमळीत माणसाशी सावकाश बोलण्याची पद्धत पुढे इतर राज्यांतल्या चळवळींनीही उचलली.

देणगीदारांची यादी

आता ब्लॉगरांच्या ज्या कामाकडे सर्वांत कमी लक्ष गेले त्याकडे येतो. फ्रेड कार्जर हे रिपब्लिकन पक्षाचे निवृत्त प्रचारसल्लागार. ‘प्रपोझिशन 8’च्या वेळी त्यांनी ‘कॅलिफोर्नियन्स अगेन्स्ट हेट’ नावाचे संकेतस्थळ सुरू करून त्या मोहिमेला पैसे देणाऱ्यांची नावे सरकारी नोंदींतून काढून छापायला सुरुवात केली. ऑगस्ट 2009 मध्ये त्यांनी मेनच्या निवडणूक आचार आयोगाकडे तक्रार केली, की ‘नॅशनल ऑर्गनायझेशन फॉर मॅरेज’ मेनच्या मोहिमेसाठी पैसा गोळा करते, तो आपल्या नावाने एकगठ्ठा देते आणि मूळ देणगीदार झाकून ठेवते. मेनच्या कायद्यानुसार मतप्रश्नासाठी ठरावीक रकमेहून अधिक पैसा उभा करणाऱ्या संस्थेने नोंदणी करून देणगीदार जाहीर करणे बंधनकारक होते. मतदानाला महिना उरलेला असताना आयोगाने 3 विरुद्ध 2 अशा मतांनी चौकशीचा निर्णय घेतला. संघटनेने त्याविरुद्ध फेडरल कोर्टात धाव घेतली.

त्यानंतर जे घडले ते ब्लॉगच्या वेगाने नव्हे, कोर्टकचेरीच्या वेगाने घडले. अपील कोर्टाने ऑगस्ट 2011 मध्ये मेनचा कायदा वैध ठरवला, सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये त्यात हात घालायला नकार दिला, आणि मे 2014 मध्ये आयोगाने संघटनेला 50,250 डॉलरचा दंड ठोठावून नावे जाहीर करायला सांगितले. या जवळपास पाच वर्षांत मोठ्या वृत्तपत्रांनी हा विषय दोन-चारदा उचलला आणि सोडला. कागद जपून ठेवणे, प्रत्येक सुनावणीची नोंद करणे, विरोधी संघटनेच्या पत्रकांतली विधाने पुराव्यादाखल साठवणे हे कंटाळवाणे काम कार्जर, हूपर आणि त्यांच्यासारख्या काही जणांनी नेटाने केले. मत वळवण्याच्या बाबतीत या ब्लॉगरांचा प्रभाव मला फारसा दिसत नाही. हिशेब मागण्याच्या बाबतीत मात्र त्यांच्या तोडीचे दुसरे कोणी त्या वेळी राज्यात नव्हते. 2009 च्या पराभवानंतर ‘ब्लॉगांनी काही होत नाही’ असा जो सूर निघाला, तो पहिल्याच कामाकडे पाहून निघाला होता.

29 डिसेंबर 2012 रोजी नवा कायदा लागू झाला, तेव्हा पोर्टलंडच्या नगरभवनाचे दरवाजे मध्यरात्रीच उघडले गेले आणि थंडीत बाहेर रांगेत उभ्या असलेल्या जोडप्यांना परवाने मिळाले. मेनच्या मोहिमेमागे उभ्या असलेल्या, पोर्टलंडमध्येच राहणाऱ्या वकील मेरी बोनाटो यांनी एप्रिल 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयात ओबर्गेफेल खटल्यात बाजू मांडली आणि 26 जून 2015 च्या निकालाने समलिंगी विवाह देशभर वैध झाला. मेनच्या 2009 च्या मोहिमेला पैसे पुरवणाऱ्या देणगीदारांची यादी संघटनेने आयोगाकडे दाखल केली ती त्यानंतर दोन महिन्यांनी, ऑगस्ट 2015 मध्ये.